कुंपण नसलेलं गाव

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. हिरवी चौकोनी शेतं, त्यांच्या कडेने काटेरी झुडपांची दाट कुंपणं, शेतात एकटंच उभं असलेलं शेतकऱ्याचं घर आणि दूरवर चर्चचा मनोरा. कादंबऱ्यांनी, सिनेमांनी आणि बिस्किटांच्या डब्यांवरच्या चित्रांनी ते जगभर पोचवलं, आणि ते अनादी काळापासून तसंच असावं अशी समजूतही रुजवली. मध्य इंग्लंडपुरतं बोलायचं तर या कुंपणांपैकी बरीचशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आहेत. पार्लमेंटने कायदे केले, मोजणीदारांनी साखळ्या टाकल्या, मजुरांनी हॉथॉर्नची रोपं रांगेत लावली आणि तो चौकोनी मुलूख तयार झाला. त्याआधी कित्येक शतकं तिथे वेगळंच दृश्य होतं: गावाभोवती दोन-तीन अवाढव्य शिवारं, त्यांत एकही कुंपण नाही, आणि शेकडो अरुंद पट्ट्यांमध्ये वाटलेली जमीन.

ते जुनं दृश्य पाहायचं असेल तर नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावी जावं लागतं. शेरवुडच्या जंगलपट्ट्याच्या पूर्वेला, तांबूस चिकणमातीच्या उंचवट्यावर हे गाव वसलं आहे. गावाभोवती वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शिवारं आहेत. बांधाची भिंत नाही, झुडपांची रांग नाही, तारेचं कुंपण नाही. एका शेतकऱ्याचा पट्टा कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो हे परक्या माणसाला चटकन कळत नाही. गावातल्यांना कळतं, आणि ते कळत राहावं यासाठी गावाने एक न्यायालय जिवंत ठेवलं आहे. खुल्या शिवारांचे अवशेष इंग्लंडमध्ये इतरत्रही आहेत, डेव्हनमधल्या ब्रॉन्टनला तर चांगलेच मोठे आहेत. पण शिवारं, फेरपालट आणि त्यांच्यावर अधिकार चालवणारं गावाचं न्यायालय या तिन्ही गोष्टी एकत्र टिकल्या त्या लॅक्स्टनमध्येच.

या शेतीची रीत समजून घ्यायची तर नांगरापासून सुरुवात केलेली बरी. आपला जुना लाकडी नांगर माती फाडत जातो. उत्तर युरोपातल्या ओल्या, जड चिकणमातीत तेवढ्याने भागत नव्हतं. तिथला मध्ययुगीन नांगर वजनदार होता, त्याला माती उलटवून टाकणारी लाकडी पाटी असायची आणि तो ओढायला पुष्कळदा आठ बैल जुंपावे लागत. एवढी लांब जोडी वळवणं हे मोठंच काम. त्यामुळे तास जितका लांब तितकी वळणं कमी, आणि शेत साहजिकच लांबट, अरुंद होत गेलं. वळायच्या आधीच बैलांना थोडं बाजूला घ्यावं लागे, म्हणून कित्येक पट्ट्यांना उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला. नांगर माती नेहमी एकाच बाजूला टाकत असल्याने पट्ट्याच्या मध्याभोवती फेऱ्या घालत गेलं की मधोमध उंचवटा आणि दोन्ही कडांना चर तयार होई. त्या चरांतून पावसाचं पाणी निघून जाई. मध्य इंग्लंडच्या कितीतरी कुरणांत, सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की गवताखाली या लाटा आजही दिसतात. त्या जमिनी कधीकाळी नांगराखाली होत्या याची ती खूण असते.

तीन शिवारांची फेरपालट सोपी आणि कडक होती. एका शिवारात शरद ऋतूत पेरलेला गहू. दुसऱ्यात वसंतात पेरलेलं पीक, म्हणजे जव, वाटाणा किंवा घेवड्याच्या जातीचं कडधान्य. तिसरं पड. पुढच्या वर्षी सगळं एक घर पुढे सरकायचं. पीक निघालं की धसकटावर आणि पडीच्या शिवारात गावाची जनावरं सोडली जायची. त्यांच्या शेणामुताने जमिनीला खत मिळायचं. सारी रचना याच चराईवर उभी होती. माझ्या पट्ट्यात मी उशिरा येणारं काहीतरी वेगळं पीक घेतलं, तर शेजाऱ्याच्या मेंढ्या ते खाऊन टाकणार, कारण मधे अडवायला काहीच नाही. म्हणून पेरणी कधी, कापणी कधी, जनावरं कधी सोडायची, किती सोडायची, हे सगळं गावाने मिळून ठरवायचं आणि सगळ्यांनी पाळायचं. पट्टा एकेकाच्या नावाचा होता, त्यातलं धान्यही त्याच्याच घरी जायचं. पण त्या पट्ट्यात काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या एकट्याचा नव्हता.

प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे एकाच ठिकाणी का नव्हते, ते तिन्ही शिवारांत विखुरलेले का होते, यावर अभ्यासक बराच काळ वाद घालत आले आहेत. तिन्ही शिवारांत थोडीथोडी जमीन हवीच, नाहीतर पडीच्या वर्षी घरात दाणा येणार नाही, हे उघड आहे. पण एकाच शिवारात दहा ठिकाणी तुकडे कशाला? सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी यांनी 1938 मध्ये ‘द ओपन फील्ड्स’ हे पुस्तक लिहिलं, त्याचा पाया लॅक्स्टनच होतं. त्यांचं म्हणणं असं की एवढा जड नांगर आणि इतके बैल एकट्या कुटुंबाला परवडत नसत. चार घरांनी मिळून जुंपणी करायची, एका दिवसात जेवढं नांगरून होईल तेवढा एक पट्टा, आज याचा, उद्या त्याचा. पट्टे विखुरले ते कामाच्या ओघात. पुढे 1970 च्या दशकात अर्थशास्त्रज्ञ मॅक्‌क्लॉस्की यांनी दुसरा मुद्दा पुढे आणला: विखुरलेले पट्टे हा दुष्काळाविरुद्धचा विमा होता. खोलगट जागी पाणी साचून पीक कुजलं तर उंचवट्यावरचा पट्टा हाताशी राहतो. मला यात ऑर्विन दांपत्याचं म्हणणं पट्टे पडले कसे याला अधिक लागू वाटतं आणि मॅक्‌क्लॉस्कींचं ते टिकले का याला. कोरडवाहू शेती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना दुसरी बाजू वेगळी समजावून सांगायला नको. एकाच गावात वरच्या अंगाला पाऊस पडतो आणि खालच्या अंगाला पडत नाही, हे त्यांना माहीत असतं.

लॅक्स्टनबद्दल आपल्याला एवढी बारीक माहिती आहे ती मुख्यतः 1635 च्या एका नकाशामुळे. मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने तो काढला आणि सोबत प्रत्येक तुकड्याची नोंदवही केली. त्यात प्रत्येक पट्टा काढलेला आहे, त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक भरते. आज ज्या तीन शिवारांचा उल्लेख होतो त्यांच्याशिवाय ईस्ट फील्ड हे चौथं शिवारही त्यात दिसतं, ते पुढे कुंपणांखाली गेलं. पियर्सने कागदावर फक्त रेषा ओढल्या नाहीत. नांगर धरलेला माणूस, कापणी करणारे स्त्री-पुरुष, चरणारी गुरं, पवनचक्की, शिकारीला निघालेले घोडेस्वार, असं सगळं त्याने त्यात रंगवलं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात हा नकाशा जपून ठेवला आहे. गावाच्या इतिहासाचं इतकं सुंदर साधन फार थोड्या ठिकाणी मिळतं.

हा नकाशा काढवून घेतला कोणी, ही गोष्ट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. लॅक्स्टनचा तेव्हाचा मालक होता सर विल्यम कोर्टन, लंडनचा बडा व्यापारी. फ्लँडर्समधून आलेल्या निर्वासित कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने कापडाच्या व्यापारात पैसा कमावला, इंग्लंडच्या राजांना कर्जं दिली, बार्बाडोसच्या वसाहतीत भांडवल घातलं आणि देशात जमिनी विकत घेतल्या. नवीन मालकाला आपण नेमकं काय घेतलं हे कागदावर हवं होतं, म्हणून पियर्सची नेमणूक झाली. त्याच 1635 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला बगल देऊन राजा पहिल्या चार्ल्सने कोर्टन आणि त्याच्या साथीदारांना गोवा, मलबार किनारा आणि चीन इथे व्यापाराची परवानगी दिली. एप्रिल 1636 मध्ये जॉन वेडेलच्या हुकमतीखाली कोर्टनची जहाजं निघाली आणि गोव्याला पोचली. पुढे भटकळला आणि कारवारला या मंडळींनी वखारी थाटल्या. त्या जहाजांवर पीटर मंडी हा प्रवासी होता, त्याच्या रोजनिशीमुळे त्या सफरीची हकिगत आपल्याला वाचायला मिळते. कोर्टन स्वतः मात्र 1636 मध्येच वारला. त्याच्या मुलाच्या हाती तो पसारा कोसळला, आणि लॅक्स्टनही लवकरच पियरपॉन्ट घराण्याकडे गेलं. नॉटिंगहॅमशायरच्या शेतकऱ्याचा खंड आणि कोकणपट्टीतल्या मिऱ्याचा व्यापार काही काळ एकाच घराच्या हिशेबात येत होते.

मग कुंपणांची लाट आली. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटने जमिनींना कुंपण घालण्यासाठी 5,200 हून अधिक कायदे संमत केले. त्यांखाली सुमारे 68 लाख एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा आणि थोडं वर. त्यांतले बहुसंख्य कायदे 1760 नंतरच्या काही दशकांत झाले. पद्धत अशी की बहुतेक जमिनीचे मालक अर्ज करणार, आयुक्त नेमले जाणार, ते विखुरलेले पट्टे एकत्र करून प्रत्येकाला सलग तुकडा देणार आणि प्रत्येकाने ठरलेल्या मुदतीत आपल्या तुकड्याला कुंपण घालायचं. उत्पादन वाढलं, नवीन पिकं घेता आली, जनावरांच्या जाती सुधारता आल्या. हे सगळं खरं आहे आणि कुंपणांची बाजू मांडणारे ते अजूनही सांगतात. पण ज्या कुटुंबाजवळ जमीन नव्हती, फक्त गायरानावर एखादी गाय चारायची वहिवाट होती, त्याच्या हाती बहुधा काहीच पडलं नाही. कुंपणाचा आणि वकिलांचा खर्च न झेपल्याने लहान शेतकऱ्यांनीही जमिनी विकल्या. तेव्हाच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टनचा कवी जॉन क्लेअर स्वतः मजूर होता. त्याच्या डोळ्यांदेखत गावाचं माळरान तुकड्यांत वाटलं गेलं, आणि त्याच्या कवितेतल्या दुःखाचा मोठा भाग त्यातून आला आहे. आर्थिक इतिहासात हा सौदा नफ्याचा दाखवला जातो. नफा झाला हे मान्य करूनही, तो कोणाच्या खिशातून निघाला हे त्याच पानावर लिहिलं गेलं पाहिजे असं मला वाटतं.

लॅक्स्टन या लाटेतून वाचलं ते शेतकऱ्यांच्या निष्ठेमुळे असं म्हणायला आवडलं असतं. प्रत्यक्षात कारण साधं होतं. गावाची बरीचशी जमीन दोन उमरावांमध्ये विभागलेली होती: पियरपॉन्ट घराण्याचे अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. वाटणीवर दोघांचं एकमत होईना. त्यांचे अदलाबदलीचे व्यवहार मार्गी लागेपर्यंत एकोणिसावं शतक बरंच पुढे सरकलं होतं. त्यानंतर परदेशी गव्हाने भाव पडले आणि कुंपणांवर खर्च करण्यात कोणाला रस उरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स इस्टेटीने पट्टे एकत्र करून रुंद केले, त्यामुळे आजचे पट्टे 1635 च्या तुलनेत संख्येने फार कमी आणि आकाराने मोठे आहेत. आजच्या शिवाराला मध्ययुगाची जशीच्या तशी प्रत मानणं चूक ठरेल.

तेवढ्यानेच ते टिकलं असतं का? नाही. त्यासाठी न्यायालय लागलं. त्याचं नाव कोर्ट लीट. मध्ययुगात इंग्लंडमधल्या कित्येक जहागिऱ्यांना असं न्यायालय असायचं. लॅक्स्टनमध्ये ते अजून भरतं. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्यूरीचा दिवस येतो. गावातले शेतकरीच ज्यूरी असतात, बारा जण आणि त्यांचा प्रमुख. त्या वर्षी ज्या शिवारात गहू पेरला आहे ते शिवार ही मंडळी तपासतात. तेच का? कारण पडीनंतर ते नुकतंच नांगरलेलं असतं आणि नांगरताना कोणाचा फाळ कुठे गेला हे तेव्हाच ताजं दिसतं. पट्ट्यांच्या सीमेवर लाकडी खुंट्या असतात. जुनी खुंटी गेली असेल तर ज्यूरी नजरेने रेषा धरून नवी ठोकतात. कोणी शिवाररस्ता कोरला आहे का, गवताच्या पट्टीत नांगर घातला आहे का, चर साफ केले आहेत का, हे पाहिलं जातं. आपल्याकडे बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यावरून जी भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि दिवाणी न्यायालयापर्यंत जातात, त्याच जातीचा हा गुन्हा. फरक इतकाच की इथे दरवर्षी, वाद पिकण्याआधीच, शेजारी येऊन तो बघतात. तपासणी झाली की सगळे गावातल्या डव्हकोट इन या खानावळीत जेवायला बसतात.

आठवड्याने न्यायालय भरतं, तेही याच डव्हकोट इनमध्ये. जहागिरीच्या मालकाच्या वतीने स्टुअर्ड अध्यक्षस्थानी बसतो. ज्यूरी आपला अहवाल देतात, ज्यांनी हद्द ओलांडली त्यांना दंड होतो, पुढच्या वर्षाची ज्यूरी शपथ घेते. कोंडवाड्यावरचा माणूसही इथेच नेमला जातो. भटकी गुरं कोंडून ठेवायचा त्याचा कोंडवाडा गावात आहे. दंडाची रक्कम मोठी नसते. पण ती शेजाऱ्यांसमोर, नाव घेऊन पुकारली जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच शेजाऱ्यांपैकी कोणीतरी तुमच्या पट्ट्यात उभा राहणार असतो. रकमेपेक्षा या गोष्टीचा धाक अधिक असावा. 1977 मध्ये पार्लमेंटने अशा जुन्या न्यायालयांचे कायदेशीर अधिकार काढून घेतले. बहुतेक ठिकाणी उरला तो समारंभ. लॅक्स्टनचं न्यायालय मात्र अपवाद म्हणून राखलं, कारण तिथे त्याला खरंखुरं काम होतं.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात असं मांडलं की सामायिक कुरण शेवटी उद्ध्वस्तच होतं, कारण प्रत्येक जण आपली एक गाय वाढवतो. लॅक्स्टनसारख्या गावांचं जुनं दप्तर वाचलं तर दिसतं की गाय वाढवायची मोकळीक कोणालाच नव्हती. चराईचे हक्क ठरावीक घरांच्या जागांना जोडलेले होते, संख्या मोजलेली होती आणि मोडणाऱ्याला दंड होता. हार्डिन यांनी जे कुरण कल्पिलं तिथे कोर्ट लीट नव्हतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते, लोक स्वतः नियम करून सामायिक संपत्ती कशी सांभाळतात, याच अभ्यासाबद्दल.

शिवारांमध्ये एक गोष्ट नांगरापासून सुटलेली आहे, ती म्हणजे साइक्स. ओहोळाच्या कडेच्या, फार ओल्या किंवा उताराच्या, नांगर चालत नाही अशा गवताळ पट्ट्या. त्या सामायिक आहेत. त्यांतल्या गवताचा उन्हाळ्यात लिलाव होतो आणि ज्याने घेतलं तो ते कापून नेतो. कोणी या जमिनीत रासायनिक खत ओतलं नाही, कोणी ती उलथली नाही, त्यामुळे तिथे जुन्या इंग्लिश कुरणांतली रानफुलं राहिली आहेत. इंग्लंड आणि वेल्समधल्या फुलांनी भरलेल्या कुरणांपैकी सुमारे 97 टक्के कुरणं 1930 च्या दशकानंतरच्या अर्धशतकात नष्ट झाली. त्या हिशेबात या अरुंद पट्ट्यांचं मोल फार मोठं आहे, आणि सरकारनेही त्यांना संरक्षित निसर्गस्थळाचा दर्जा दिला आहे.

गावाची ठेवणही याच शेतीतून आली आहे. कुंपणं आलेल्या गावांत शेतकरी आपल्या सलग जमिनीच्या मध्यावर घर बांधून राहायला गेला. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याची जमीन तिन्ही दिशांना पसरलेली, तो कुठे जाणार? म्हणून शेतघरं, गोठे आणि धान्याची कोठारं गावातल्या रस्त्यालाच लागून राहिली. विटांची घरं, लाल कौलं, कित्येक घरांचा अरुंद त्रिकोणी भाग रस्त्याकडे आणि मागे लांबट परसू. मधोमध सेंट मायकेलचं चर्च. उत्तरेला मातीचं उंच टेकाड आहे, ते नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा अवशेष. त्या किल्ल्याच्या धन्यांकडे एकेकाळी शेरवुडच्या राजवनाची राखण वंशपरंपरेने होती. विल्यम राजाने 1086 मध्ये केलेल्या डूम्सडे या देशव्यापी पाहणीतही गावाची नोंद आहे.

1952 मध्ये अर्ल मॅनव्हर्स यांनी इस्टेट विकायला काढली, तेव्हा ती तुकड्यांनी गेली असती तर सगळंच संपलं असतं. ती विकत घेतली कृषी मंत्रालयाने, ही पद्धत जपण्यासाठी. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे आली. 2018 मध्ये क्राउन इस्टेटने पुन्हा विक्रीचा निर्णय जाहीर केला, तेव्हा गावात आणि इतिहासकारांत काळजी पसरली. 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटने ती घेतली, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांकडेच ती परतली. कोर्ट लीट त्यानंतरही भरत आलं आहे. फेरपालटही चालू आहे. पडीच्या वर्षी मात्र आता जमीन नुसती उघडी ठेवत नाहीत, जनावरांच्या चाऱ्यासाठी गवत किंवा तत्सम पीक घेतात.

प्रश्न उरतो तो शेतकऱ्यांचा. लॅक्स्टनची शेतं आजच्या इंग्लिश मापाने लहान आहेत. खुल्या शिवारातले पट्टे हा प्रत्येकाच्या शेतीचा एक भाग असतो, बाकीची जमीन त्याच गावातल्या कुंपण घातलेल्या शेतांत असते आणि घर बहुधा दोन्हींवर मिळून चालतं. मोठी कापणीयंत्रं सलग, रुंद जमिनीसाठी बनवलेली असतात, अरुंद पट्ट्यात ती वळवायला त्रास होतो. तरुणांना शहरात बरी नोकरी मिळते. ज्यूरीसाठी मात्र शिवार स्वतः कसणारी, कोणाचा पट्टा कुठून कुठवर हे पाठ असणारी बारा-तेरा माणसं लागतात. संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांकडून हे काम होण्यासारखं नाही. त्यामुळे गावातली एखादी खंडाची शेती मोकळी झाली की ती कोणाला द्यायची, त्याच्याजवळ जनावरं आहेत का, तो गावात राहणार का, या प्रश्नांना लॅक्स्टनमध्ये नकाशाइतकंच वजन आहे.